दोन मीटर अंतरावरून

पेंचच्या जंगलात वाघ डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळतो, आणि तोही दुसऱ्याच्या आवाजातून. सागाच्या शेंड्यावर टेहळणीला बसलेले वानर खाकरते, मग झुडपांपलीकडून चितळाची तीक्ष्ण हाक येते, ती पुन्हा येते, आणि जिप्सीतला गाइड बोट वर करून चालकाला गाडी बंद करायला सांगतो. नागपूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवताना आणि आता निवृत्तीनंतरही, पेंच, नागझिरा, ताडोबा या जंगलांत मी जे काही पाहिले ते बहुतेक अशा हाकांच्या मागे जाऊन पाहिले. कोणीतरी घाबरते, ओरडते, आणि त्या ओरडण्याच्या दिशेने आपण पाहतो. प्राणी पाहण्याची याहून वेगळी रीत असू शकते, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

गेल्या सप्टेंबरात गॅलापॅगोस बेटांवर पहिल्यांदा उतरले तेव्हा वाळूत समुद्रसिंहाची एक मादी आणि तिचे पिल्लू आडवे पडले होते. रबरी होडीतून आम्ही सोळा जण गुडघाभर पाण्यात उतरलो, पाणी उडवीत किनाऱ्याला लागलो, दोघे-तिघे तर मोठ्याने बोलतही होते. मादीने एक डोळा उघडला, आमच्याकडे पाहिले आणि तो पुन्हा मिटला. पिल्लाने दूध पिणे थांबवले नाही. मी सवयीने मागच्या झुडपांकडे कान दिले, पण तेथे कोणीही हाक देत नव्हते.

आमच्या लग्नाला ३५ वर्षे झाली त्या निमित्ताने मुलीने हा प्रवास आखला होता. ती टोरांटोहून इक्वेडोरच्या राजधानीला, क्विटोला आली आणि आम्ही दोघे नागपूरहून दिल्ली आणि ॲमस्टरडॅममार्गे तेथे पोहोचलो. गॅलापॅगोस हा दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरचा भाग असला तरी मुख्य भूमीपासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात, ज्वालामुखींतून वर आलेली ही बेटे कधीच कोणत्या खंडाला जोडलेली नव्हती. तेथे जे जीव पोहोचले ते उडत, पोहत किंवा वाहत्या ओंडक्यांवर बसून पोहोचले, आणि मोठे हिंस्र सस्तन प्राणी त्यांत नव्हते. बेटांच्या जमिनीपैकी सुमारे ९७ टक्के भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. हे उद्यान १९५९ साली झाले, १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत पहिली बारा स्थळे घेतली त्यांत ही बेटे होती, आणि १९९८ साली भोवतालचा समुद्रही राखीव झाला. वस्तीच्या बेटांवर मुक्काम करून रोज होडीने जवळपास फिरता येते, परंतु पश्चिमेकडचे फर्नांदिना बेट आणि इसाबेलाचा मागचा किनारा पाहायचा असेल तर जहाजावर राहण्याला फारसा पर्याय नाही, कारण ही अंतरे जहाज रात्री कापते आणि आपण सकाळी नव्या किनाऱ्यापाशी जागे होतो. आमचे जहाज सोळा प्रवाशांचे होते. मोठ्यात मोठ्या जहाजालाही तेथे १०० प्रवाशांची मर्यादा आहे, आणि किनाऱ्यावर उतरताना एका गाइडमागे सोळाहून अधिक माणसे नेता येत नाहीत, त्यामुळे लहान जहाजावर सगळा गट एकाच वेळी, एकाच गाइडबरोबर उतरतो. मोठ्या जहाजावर आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते, म्हणून पैशांचा हिशेब जुळत असेल तर लहान जहाजच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तयारीची खरी सुरुवात मात्र नागपुरात, जून महिन्यात झाली. देशाच्या मधोमध, झिरो माइलच्या या गावात वाढलेल्या माणसाला समुद्राची सवय नसते. मला पोहता येत होते, पण तोंड पाण्यात घालून, नाक काचेच्या मास्कमध्ये बंद करून, एका नळीतून तोंडाने श्वास घेत राहणे ही निराळी विद्या आहे. आमच्या भागातल्या जलतरण तलावावर सकाळी सहाच्या तुकडीत मी मास्क आणि नळी घेऊन उतरू लागले, तेव्हा तेथे शिकवणाऱ्या तरुण मुलाने दोनच दिवसांत माझी चूक ओळखली. ‘‘काकू, श्वास घेऊन नाही राहिल्या तुम्ही, कोंडून राहिल्या,’’ असे तो म्हणाला, आणि ते अगदी खरे होते. नळीमध्ये आधीच्या श्वासातली वापरलेली हवा उरते, त्यामुळे घाईघाईने, उथळ श्वास घेतला तर तीच हवा पुन्हा आत येते, दम लागतो, दम लागला की भीती वाटते आणि भीतीने श्वास आणखी उथळ होतो. उपाय एकच आहे, तो म्हणजे सावकाश आणि पूर्ण श्वास सोडणे. नळीत पाणी शिरले तर डोके वर न काढता एक जोरदार फुंकर मारून ते बाहेर टाकायचे, एवढे एक कौशल्य मला तीन आठवड्यांत जमले आणि पुढे समुद्रात तेच सर्वांत अधिक उपयोगी पडले. माझ्या पतींची अडचण वेगळी होती. त्यांच्या मिशांमुळे मास्कची रबरी कड वरच्या ओठावर नीट बसत नव्हती आणि दर मिनिटाला पाणी आत येत होते. त्यांनी नाकाखालची एक बारीक पट्टी भादरली, तेव्हा ते थांबले. मी चष्म्याच्या नंबरचा मास्क करून घेतला होता. चाळिशीनंतर जाणाऱ्या प्रत्येकाला मी हा खर्च करायला सांगेन, कारण धूसर दिसणाऱ्या पाण्यात भीती दुप्पट वाटते.

क्विटोच्या विमानतळावर बेटांकडे जाणाऱ्या सामानाची वेगळी तपासणी होते. फळे, बिया, माती, रोपे यांपैकी काहीही पुढे नेता येत नाही, आणि विमान उतरण्यापूर्वी डोक्यावरचे सामानाचे कप्पे उघडून त्यांत कीटकनाशक फवारतात. एका जीवशास्त्राच्या शिक्षिकेला हे पाहून समाधान वाटले, कारण बाहेरून आलेल्या जीवांनी या बेटांचे काय केले हे पुढे आम्हांला ठिकठिकाणी ऐकायला मिळणार होते. परदेशी प्रवाशाला उद्यानाचे शुल्क ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर झाले आहे. इक्वेडोरचे चलनच डॉलर असल्यामुळे पैसे बदलण्याचा वेगळा त्रास नसतो.

आम्ही विषुववृत्तावर जातो आहोत म्हणजे पाणी कोमट असणार, असे मी गृहीत धरले होते. पहिल्या दिवशी पाण्यात उतरले तेव्हा छातीत कळ यावी असा गारठा लागला. नंतर गाइडने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्याचे कारण समजावून सांगितले. दक्षिणेकडून हंबोल्ट नावाचा थंड प्रवाह येतो. पश्चिमेकडून, पृष्ठभागाच्या खालून वाहत आलेला क्रॉमवेल प्रवाह फर्नांदिना आणि इसाबेला यांच्या पायथ्याशी आपटतो आणि खोलातले थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर ढकलतो. त्या क्षारांवर सूक्ष्म वनस्पती आणि शेवाळ वाढते, त्यावर मासे आणि माशांवर बाकी सगळे. जून ते नोव्हेंबर हा तेथला थंडीचा हंगाम. आकाश ढगाळ असते, भुरभुर धुके पडते ज्याला तेथे गारुआ म्हणतात, आणि पश्चिमेकडच्या पाण्याचे तापमान २० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. आम्ही मे महिन्यात ४५ अंश सोसणारी माणसे, त्यामुळे जाड रबरी पोशाखाशिवाय आम्हांला दहा मिनिटेही तेथे थांबता आले नसते. पण हेच गार पाणी विषुववृत्ताजवळ पेंग्विन जगण्याचे कारण आहे. हा पेंग्विन इसाबेलाच्या उत्तर टोकाला विषुववृत्त ओलांडून थोडा पलीकडे राहतो, आणि उत्तर गोलार्धात निसर्गतः आढळणारा तो जगातला एकमेव पेंग्विन आहे. एल निनोच्या वर्षी हे प्रवाह मंदावतात, पाणी तापते, शेवाळ आणि मासे घटतात. १९८२-८३ आणि १९९७-९८ या दोन मोठ्या एल निनोंत या पेंग्विनांची संख्या दोन्ही वेळा निम्म्याहून अधिक घटली. समुद्री इग्वाना या मोठ्या सरड्यांबद्दलची गोष्ट तर मी वर्गात सांगितली असती तर मुलांनी विश्वास ठेवला नसता. अन्न तुटले की मोठ्या इग्वानांच्या शरीराची लांबीच कमी होते, म्हणजे नुसते वजन न उतरता हाडांसह प्राणी आखूड होतो, आणि चांगले दिवस आले की पुन्हा वाढतो.

फर्नांदिनाच्या एस्पिनोसा टोकावर आम्ही सकाळी सहानंतर थोड्याच वेळात उतरलो. हे या समूहातले सर्वांत तरुण बेट, त्याच्या ज्वालामुखीचा मार्च २०२४ मध्येही उद्रेक झाला होता, आणि बाहेरून आणलेले उंदीर, मांजरे, बकऱ्या येथे नाहीत. काळ्या लाव्ह्याच्या खडकावर पाऊल टाकणार तोच गाइडने हात आडवा धरला, आणि ज्याला मी खडकाचा खडबडीत भाग समजत होते तो शेकडो इग्वानांचा ढीग निघाला. आपल्या घोरपडीएवढे, काजळी रंगाचे, पाठीवर काटेरी तुरा असलेले हे प्राणी एकमेकांवर पाय टाकून, सगळे एकाच दिशेला तोंड करून, उन्हाची वाट पाहत पडले होते. मधूनच कोणीतरी नाकपुड्यांतून पांढरा फवारा उडवी. समुद्रातले शेवाळ खाताना पोटात गेलेले मीठ एका ग्रंथीत गोळा होते आणि ते असे शिंकरून टाकावे लागते. फवारा कधी स्वतःच्याच डोक्यावर पडतो, म्हणून अनेकांच्या कपाळावर मिठाचे पांढरे पापुद्रे होते. समुद्रात चरणारी ही जगातली एकमेव सरड्याची जात.

प्राण्यापासून दोन मीटर अंतर ठेवायचे, हा तेथला नियम आहे. आपल्याकडच्या जंगलात अंतर प्राणी ठरवतो. नीलगाय पन्नास फुटांवर उभी राहते, रानडुक्कर त्याच्याही आधी पळते, आणि आपण दुर्बिणीने ती फट भरून काढतो. येथे अंतर राखण्याची सगळी जबाबदारी आपल्यावर येते, कारण प्राणी ते राखतच नाही. इग्वाना वाटेत आडवा असेल तर तो उठणार नाही, आपण वळसा घालायचा. एक लहान समुद्रसिंह माझ्या बुटाची नाडी हुंगायला आला तेव्हा गाइडने मला हात मागे बांधून हळूहळू मागे सरायला सांगितले, आणि मी तशी मागे सरत असताना ते पिल्लू पुढे पुढे येत होते.

त्याच टोकावर न उडणारा पाणकावळा पाहिला. अंबाझरी आणि फुटाळा तलावावर काठीवर बसून पंख वाळवणारे पाणकावळे नागपूरकरांना नवे नाहीत. हा त्यांचाच भाऊबंद, पण आकाराने बराच मोठा आणि पंख मात्र विटके, तुटके, एखाद्या लहान मुलाने अर्धवट कातरल्यासारखे. जमिनीवर पळून जाण्यासारखा शत्रू नव्हता आणि अन्न सगळे किनाऱ्याच्या पाण्यातच होते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पंख लहान झाले आणि पाय बळकट झाले. तरीही पाण्यातून बाहेर आल्यावर तो अंबाझरीच्या पाणकावळ्यासारखाच ते इवलेसे पंख पसरून उभा राहिला. नर चोचीत शेवाळाचा एक पुंजका घेऊन आला, मादीने तो घेतला आणि घरट्यात खोचला. आम्ही त्यांच्यापासून तीन-चार पावलांवर उभे होतो, आणि त्यांच्या लेखी आम्ही तेथे नव्हतोच.

त्या निर्भयतेची परीक्षा चार्ल्स डार्विनने १८३५ साली घेतली होती. तो या बेटांवर सुमारे पाच आठवडे होता, तेव्हा त्याचे वय २६ वर्षांचे होते. त्याने एक समुद्री इग्वाना उचलून पाण्याच्या डबक्यात फेकला, तो पोहत सरळ डार्विन उभा होता तेथेच परत आला, पुन्हा फेकला तर पुन्हा आला. पाण्यात शार्क असतात आणि जमिनीवर कोणी शत्रू नाही, हे त्याच्या अंगात इतके मुरले असावे की संकट आले की जमीन गाठायची एवढेच त्याला ठाऊक आहे, असा तर्क डार्विनने केला. एका ससाण्याला त्याने बंदुकीच्या नळीच्या टोकाने फांदीवरून ढकलले होते.

पण या बेटांवर भीतीच नाही असे मी म्हणत असता गाइडने मला दुरुस्त केले. गॅलापॅगोसचा ससाणा इग्वानांची पिल्ले आणि माद्या मारतो. इग्वानांना स्वतःला आवाज नाही, पण त्याच किनाऱ्यावर वावरणारा मॉकिंगबर्ड नावाचा राखाडी पक्षी ससाणा दिसला की इशाऱ्याची हाक देतो, आणि ती हाक ओळखून इग्वाना सावध होतात, हे संशोधकांनी ध्वनिमुद्रणे ऐकवून तपासले आहे. पक्ष्याचे साधे गाणे ऐकवले तर त्यांच्यात तेवढी हालचाल होत नाही. हे ऐकून मला पेंचच्या वानर-चितळांची जोडी आठवली आणि मी तेथे काय पाहते आहे हे नीट उमगले. भीती तेथेही आहे, हाकही आहे, फक्त ती आपल्यासाठी दिली जात नाही. ज्या बेटांवर माणसाने कुत्री-मांजरे आणली तेथले इग्वाना थोडे लवकर पळतात, पण जीव वाचेल इतके लवकर नाही, कारण लाखो वर्षांत जी गरज पडली नाही ती सवय काही पिढ्यांत अंगी लागत नाही.

दुपारी इसाबेलाच्या व्हिसेंते रोका टोकाशी आम्ही पाण्यात उतरलो, आणि या सबंध प्रवासातला तो एक तास मला सर्वांत अधिक आठवतो. उंच कड्याच्या सावलीत पाणी गडद हिरवे होते. होडीच्या कडेवर बसून मास्कला आतून थुंकी चोळली, ती समुद्राच्या पाण्याने विसळली म्हणजे काचेवर वाफ धरत नाही, आणि मी अलगद खाली घसरले. थंडीने श्वास अडकला. नळीतून माझाच श्वास मोठ्याने, भराभर ऐकू येत होता आणि खाली तळ दिसत नव्हता. तलावावरच्या त्या मुलाचे शब्द आठवून मी होडीची दोरी धरून ठेवली आणि फक्त श्वास सोडण्याकडे लक्ष दिले. दहा-पंधरा श्वासांनंतर आवाज मंदावला. रबरी पोशाख आणि खारे पाणी मिळून माणसाला इतके वर धरून ठेवतात की बुडण्यासाठीच प्रयत्न करावा लागेल, हे एकदा शरीराला पटले की मग हातपाय आपोआप सैल पडतात. मी दोरी सोडली.

खालून एक कासव वर येत होते. मग दुसरे दिसले, तिसरे दिसले, आणि डोळे सरावले तेव्हा कळले की खडकांवर, कपारींत, मधल्या पाण्यात मिळून पंधराएक हिरवी कासवे तेथे होती. काही शेवाळ खात होती, काही नुसती लाटेबरोबर पुढेमागे झुलत होती. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे धावताना मी पाहिली होती आणि ती पाण्यात शिरल्यानंतर कोठे जातात, कशी जगतात, असे विद्यार्थ्यांनी विचारले की मी पुस्तकातले उत्तर देत असे. जमिनीवर ओझे वाहत असल्यासारखा दिसणारा हा प्राणी पाण्यात एकेक वल्हे मारून घारीसारखा तरंगतो. एक कासव माझ्या इतक्या जवळून श्वास घ्यायला वर आले की त्याच्या डोळ्यांच्या पापण्यांवरच्या सुरकुत्या दिसल्या. त्याने डोके पाण्याबाहेर काढले, मीही त्याच वेळी नळीतून श्वास घेत होते, आणि मग ते खाली गेले.

मी त्याच्या मागे गेले. तो विचार करून घेतलेला निर्णय नव्हता, पण मी पाय जोरात मारले आणि त्याच्या कवचाच्या वर, अगदी हाताच्या अंतरावर पोहोचले. कासवाने दिशा बदलली, मीही बदलली. तेवढ्यात गाइडची शिटी ऐकू आली आणि तो माझ्याजवळ येऊन म्हणाला की कासव हवा घ्यायला वर येते, त्याच्या डोक्यावर माणूस तरंगत असेल तर ते वर येऊ शकत नाही. शाळेत तीस वर्षे मी कासवाची श्वसनक्रिया फळ्यावर शिकवली होती. मला फार वाईट वाटले आणि आजही वाटते. त्यानंतर तासभर मी एकाच जागी हातपाय न हलवता तरंगत राहिले, आणि आश्चर्य म्हणजे जे मी पाठलाग करून पाहू पाहत होते ते सगळे तेथेच माझ्यासमोर येत राहिले.

त्या तासात इग्वाना चरताना पाहिला. वरून एक काळी आकृती पाय अंगाला चिकटवून, नुसती शेपूट नागमोडी हलवत खाली गेली आणि एका खडकाला नखांनी घट्ट धरून बसली. लाट आली की त्याचे सगळे शरीर झेंड्यासारखे एका बाजूला फडफडे, नखे मात्र सुटत नसत. लाट ओसरली की तो आखूड, बोथट तोंड वाकडे करून शेवाळ खरवडून काढी, जसे आपण कढईच्या कडेची खरवड उलथन्याने काढतो. लहान इग्वाना एवढे खोल जात नाहीत, ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरच ते पोट भरतात, कारण थंड पाण्यात त्यांचे शरीर फार लवकर गार पडते. मोठा नरही काही मिनिटांनी वर येतो आणि मग तापलेल्या लाव्ह्यावर तासन्‌तास पोटावर पडून राहतो. सकाळी मी जो ढीग आळशासारखा पडलेला पाहिला होता, त्यामागे हे एवढे श्रम होते.

पेंग्विन दोनच दिसले, आणि तेही क्षणभरच. माशांच्या चकाकत्या थव्यातून ते तीरासारखे आरपार गेले, थवा फुटला आणि मिटला, आणि पाण्यात बुडबुड्यांची एक रेघ उरली.

जहाजावरच्या जीवनाबद्दल थोडक्यात सांगते. खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात. इसाबेलाला वळसा घालतानाच्या रात्री समुद्र खवळलेला असतो, तेव्हा उलटीवरची गोळी जहाज निघण्याआधी घ्यावी, नंतर तिचा उपयोग होत नाही. शाकाहारी माणसाचे भात, घेवड्याची उसळ, बटाट्याचे दाट सूप आणि तळलेल्या कच्च्या केळ्यांच्या चकत्या यांवर उत्तम चालते. रोज रात्री जेवणाआधी गाइड उद्याचा किनारा, तेथला उतार, तेथले प्राणी समजावून सांगे, आणि मी वही घेऊन बसत असे. एकच जहाज त्याच किनाऱ्यावर १४ दिवसांच्या आत पुन्हा नेता येत नाही आणि प्रत्येक जहाजाचा मार्ग उद्यानाने ठरवून दिलेला असतो, हे त्यातूनच कळले.

शेवटच्या टप्प्यात सांताक्रूझ बेटावर प्वेर्तो आयोरा गावातल्या संशोधन केंद्रात ‘लोनसम जॉर्ज’ला पाहिले. पिंटा बेटाच्या महाकाय कासवांतला हा शेवटचा नर २४ जून २०१२ रोजी गेला आणि त्याच्याबरोबर ती जात संपली. आता तो काचेच्या पेटीत, मान उंच करून उभा आहे. या कासवांना अन्नपाण्याशिवाय महिनेच्या महिने जिवंत राहता येते, म्हणून १८व्या आणि १९व्या शतकांत देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी त्यांना ताज्या मांसाचा साठा म्हणून तळघरात रचून नेले. एकेका जहाजाने शेकडो नेली, सगळी मिळून लाखाहून अधिक गेली असा अंदाज आहे. कासवे पळाली नाहीत. मागे राहिलेल्या बेटांवर माणसाने सोडलेल्या बकऱ्यांनी झाडोरा फस्त केला, आणि उत्तर इसाबेलावरून त्या हटवण्याची मोहीम २००६ पर्यंत चालली. तसेच एस्पान्योला बेटावर १२ माद्या आणि दोन नर एवढेच उरले होते, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर परत आणला गेला, केंद्रात अंडी उबवून पिल्ले वाढवली गेली, आणि आज त्या बेटावर दोन हजारांहून अधिक कासवे मोकळी फिरत आहेत. त्या नराला, दिएगोला, २०२० साली त्याच्या बेटावर परत नेऊन सोडले. लोनसम जॉर्जसमोर मी जितका वेळ उभी होते, त्याहून अधिक वेळ मी बाहेरच्या कुंपणात ताटलीएवढ्या पिल्लांपुढे काढला. त्यांच्या पाठीवर रंगाने क्रमांक घातलेले होते.

परत आल्यावर ओळखीचे लोक विचारतात की आपल्याकडच्या जंगलापेक्षा ते चांगले का. मला तो प्रश्नच पटत नाही. आपल्या वनांभोवती गावे आहेत, गुरे आहेत, शतकानुशतकांची शिकार आहे, आणि इतके असूनही येथे वाघ उरला आहे, ही लहान गोष्ट नव्हे. पण एक आठवण मला परतल्यापासून सोडत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवले गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ती चित्रफीत नागपुरातल्या घराघरांत पाहिली गेली. आम्ही सगळ्यांनी चालकांना आणि गाइडना दोष दिला, तो योग्यच होता, परंतु त्या गाड्यांत बसलेली माणसे आमच्यासारखीच होती, आणि मागच्या बाकावरून ‘‘भाऊ, थोडी अजून पुढे घ्या ना’’ असे मी स्वतः किती वेळा म्हटले आहे ते मला ठाऊक आहे.

ऑक्टोबरात पेंच उघडल्यावर आम्ही दोघे सिल्लारीच्या फाटकातून आत गेलो. पावसानंतरचे गवत कमरेएवढे होते. एका वळणावर, रस्त्याच्या अगदी कडेला, चितळाची मादी उभी होती. तिने शेपटी वर केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि हाक दिली. गाडीतले सगळे उठून उभे राहिले, कॅमेरे सरसावले, आणि आम्ही सवयीने तिच्या पाठीमागच्या झाडीत वाघ शोधू लागलो. चालकाने थोडा वेळ पाहिले आणि मान हलवली. ‘‘वाघ-बिघ नाही हो मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘आपल्यालाच पाहून राहिली ती.’’

मी त्याला गाडी मागे घ्यायला सांगितले. त्याने दहा-बारा फूट मागे घेतली. मादी पाय आपटतच होती. त्याने आणखी थोडी मागे घेतली आणि इंजिन बंद केले. बऱ्याच वेळाने तिने मान खाली घातली, आणि तिच्या पायांशी गवतात दडून बसलेले पाडस उठून उभे राहिले.